बोला, ऐकून राह्यली मी

वर्धा जिल्ह्यात तुमच्याकडे चारचाकी असेल, आणि एखाद्या दुपारी फोनवर एक बाई आपुलकीने म्हणाली, "भाऊ, गंज दिवस झाले, दिसले नाई. कुठं हाये तुमी?" तर आधीच सांगून ठेवते, ती मी नाही. आवाज माझा आहे. वाक्यसुद्धा माझंच, मीच लिहून दिलेलं. पण फोन मी केलेला नाही. मी ते शोरूम कधीच सोडलं. आता एका कॉलेजच्या ऑफिसात अर्ज तपासते, आणि टेबलावरचा फोन वाजला की शेजारच्या बाईंना उचलायला लावते. त्या म्हणतात, "एवढ्या बडबड्या तुमी, अन् फोनले काऊन भेता?" मी म्हणते, भीत नाही बाप्पा, चीड येते. ती चीड कुठून आली ते एकदाचं लिहून टाकते.

शोरूम नागपूर रोडवर होतं. पुढे काचेत नव्या गाड्या, मागे वर्कशॉप, आणि मधल्या जिन्याखाली माझं टेबल. काम एकच: लोकांना फोन करून सांगायचं की गाडीची सर्व्हिसिंग जवळ आली, घेऊन या. अकरा वर्षं मी हेच केलं. ऐकायला सोपं वाटतं. करून पाहा म्हणावं. जेवायला बसलेल्या माणसाला, सासऱ्याशी भांडत असलेल्या माणसाला, बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला फोन लावून त्याच्याकडून "बरं, येतो मंगळवारी" हे वदवून घ्यायचं असतं.

विकलेली प्रत्येक गाडी आमच्या कॉम्प्युटरवरच्या सिस्टीममध्ये असायची. कोणी घेतली, किती चालली, मागच्या वेळी काय बदललं, मालकाचा फोन नंबर काय, सगळं तिच्यात. ती सिस्टीम आमची नव्हती, गाड्या बनवणाऱ्या कंपनीची होती. आम्ही फक्त भरायचो. रोज सकाळी ती मला यादी द्यायची आणि मी फोन लावत सुटायची. यादीत प्रत्येक नावापुढे, अगदी शेवटी, रिमार्कचा रकाना होता. कंपनीला त्या रकान्याशी काही देणंघेणं नव्हतं. माझा सगळा जीव मात्र त्याच रकान्यात होता. काकांना कमी ऐकू येतं, काकूंना फोन करा. कापूस वेचणी संपेपर्यंत नको. जावई फोन उचलतो, त्याला खर्च सांगू नका. सकाळी अकराच्या आधी केला तर शिव्या देतात. असं काय काय मी त्यात इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत लिहून ठेवलं होतं, कारण सिस्टीमला देवनागरी चालायची नाही. नवी मुलगी कामाला आली की मी तिला सांगायची, आधी रिमार्क वाच, मग नंबर लाव.

कोणी म्हणेल, ज्याला फोनच नको त्याच्यासाठी सिस्टीममध्ये काही सोय नव्हती का? होती न. चांगली चौकोनी डबी होती, 'संपर्क करू नये' असं लिहिलेली. तिच्यात टिक केली की विषय संपला, त्या घरी पुन्हा फोन नाही. पण मेख तिथंच होती. डबीत टिक पडली की कंपनीच्या वरच्या ऑफिसात आमच्या शोरूमचे मार्क कापले जायचे. गिऱ्हाईक तुटलं, असा त्याचा हिशेब. मार्क कमी झाले की मीटिंग, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर शेठजींची, म्हणजे आमच्या मालकांची, काढलेली इज्जत, आणि शेठजी परत आले की आमची. म्हणून आमच्याकडे रीतच पडून गेली होती. डबीला हात लावायचा नाही. फोन नको असेल तर रिमार्कमध्ये लिहायचं. ज्याला वाचायचं तो वाचतो, आणि वरच्यांना कळत नाही.

ही रीत पाडली होती दादांनी. दादा म्हणजे आमचे सर्व्हिस मॅनेजर, आष्टीकडचे. मी आणि ते एकाच आठवड्यात कामाला लागलो होतो, मी जिन्याखाली आणि ते गाडीखाली. नुसता इंजिनचा आवाज ऐकून काय बिघडलं ते सांगणारा माणूस. वर चढत चढत मॅनेजर झाले तेव्हा मलाच जास्त आनंद झाला होता. एकच अडचण होती. कंपनीशी सगळं इंग्रजीत मेलवर चालायचं, आणि इंग्रजी मेल म्हटला की दादांना घाम फुटायचा. मग ते दुपारी माझ्या डब्यातली भाजी खाता खाता मला सांगायचे आणि मी लिहून द्यायची. त्यांच्या नावाने गेलेला प्रत्येक शब्द माझा असायचा. कंपनीतले लोक त्यांच्या इंग्रजीची तारीफ करायचे आणि आम्ही दोघं पोट धरून हसायचो.

आता वडनेरच्या वहिनींबद्दल सांगते. हिंगणघाटच्या पुढे वडनेर. तिथलं भाजीपाला पिकवणारं घर. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, भेदरं म्हणजे टोमॅटो. नवरा-बायकोने मिळून आमच्याकडून पांढरी गाडी घेतली होती. भाऊ फार बोलके. फोन केला की आधी विचारणार, "बाई, जेवल्या काय?" मग गाडीचं. एके दिवशी ती पांढरी गाडी क्रेनला लटकून आमच्या वर्कशॉपमध्ये आली. हायवेवर ट्रकने उडवली होती. भाऊ जागच्या जागी गेले होते.

गाडी भंगारात गेली. पण सिस्टीममध्ये ती चालतच होती, आणि सहा महिन्यांनी तिची सर्व्हिसिंगची तारीख आली. मी सुट्टीवर होते. दुसऱ्या मुलीने फोन केला. भाऊंचा नंबर वहिनींनी चालू ठेवला होता, कारण व्यापाऱ्यांना तोच माहीत. चौथ्या दिवशी वहिनी एसटीने वर्ध्याला आल्या, माझ्या टेबलासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, भाजीवाल्याईचा फोन आला तं मले काही नाई होत. पन गाडीचा आला की पोटात गोया येते. एवढं बंद करून द्या." मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "वहिनी, माझा शब्द. तुमच्या घरी त्या गाडीसाठी पुन्हा फोन येणार नाही."

त्या गेल्या तशी मी सिस्टीम उघडली. डबीवर माऊसचा बाण नेऊन ठेवला होता. दादा मागे उभे होते. म्हणाले, "ताई, महिन्याचा शेवट हाये. मार्क जाईन. रिमार्कमंदी टाका न, आपल्याले तं दिसतेच." मी बाण हलवला आणि रिमार्कमध्ये लिहिलं: भाऊ वारले, फोन करू नका, कधीच. माती खाल्ली मी त्या दिवशी. पण तेव्हा मला तसं वाटलं नव्हतं. पुढची तीन वर्षं तो शब्द पाळला गेला. वहिनी आणि माझी ओळख वाढली. वर्ध्याला काही काम निघालं की वहिनी माझ्यासाठी सांभाराची जुडी आणायच्या. कधी मीच फोन करायची, गाडीबिडीचं नाही, असंच. भाऊंबद्दल आम्ही कधी बोललो नाही. त्या बोलायच्या नाहीत आणि मी विचारायची नाही.

मग ती पुण्याची जोडणी आली. पुण्याच्या एका छोट्या कंपनीने फोन लावणारं सॉफ्टवेअर बनवलं होतं. ते आमच्या सिस्टीमला जोडायचं, की रोजची यादी ते स्वतःच उचलणार, स्वतःच फोन लावणार, माणसासारखं बोलणार, उत्तर ऐकणार आणि सर्व्हिसिंगची तारीख नोंदवणार. शेठजी हुरळून गेले. दादा त्यांच्याहून जास्त. वर्धा आणि हिंगणघाट, दोन्ही वर्कशॉप दादांच्या हाताखाली द्यायचं शेठजींच्या मनात होतं, आणि दादांनी शब्द दिला होता की दसऱ्याला मशीन बोलायला लागेल.

पुण्याहून एक इंजिनियर बाई आल्या. शांत, समजूतदार. मला वाटलं होतं माझी नोकरी खायला आल्या, पण दोन दिवसांत आमचं गोत्र जुळलं. त्यांनी मला समजावून सांगितलं: गाड्यांची कंपनी बाहेरच्या सॉफ्टवेअरला आपल्या सिस्टीममध्ये असंच घुसू देत नाही. कुठले कुठले रकाने वाचायचे ते लिहून मागावं लागतं, तेवढेच मिळतात. नाव, नंबर, गाडी, तारीख आणि ती टिकची डबी, एवढं सगळ्यांना लगेच मिळतं. त्याहून जास्त हवं असेल तर शोरूमने वेगळी मागणी करायची.

मी म्हटलं, "मग रिमार्क मागा. रिमार्कशिवाय एक फोन जायला नको."

त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "मशीनला तुमचं ते लिहिलेलं कळणार नाही. पण एक करता येईल. रिमार्कमध्ये काहीही लिहिलेलं दिसलं, की मशीन त्या नंबरला हात लावणार नाही. ती नावं वेगळ्या यादीत तुमच्याकडे येतील. तुम्ही बोला."

मला एवढा आनंद झाला की मी त्यांना घरी जेवायला नेलं. त्याच दुपारी दादांच्या नावाने गाड्यांच्या कंपनीला आणि पुण्याला जायचा मागणीचा मेल लिहिला. चार परिच्छेद. तिसरा सगळा रिमार्कचा. रकाना का लागतो, तो नसला तर काय होईल, सगळं लिहिलं. दादांनी वाचून घेतला, मान हलवली. संध्याकाळी मी विचारलं, गेला का? म्हणाले, "जसाच्या तसा पाठवला न, ताई."

मग आवाजाचं काम आलं. पुण्याहून आलेली वाक्यं अशी होती, जशी सरकारी नोटीसच. 'आपल्या वाहनाची नियतकालिक देखभाल प्रलंबित आहे.' मी हसत सुटले. म्हटलं, "अशा फोनवर आमच्याकडचा माणूस विचारेल, कोणत्या ठाण्यातून बोलता?" इंजिनियर बाई म्हणाल्या, मग तुम्हीच लिहा. मी लिहिली. आणि मीच बोलले, रेकॉर्डिंगच्या खोलीत कानाला हेडफोनचं डबडं लावून, दोन दिवस. भाऊ, गंज दिवस झाले, दिसले नाई. कुठं हाये तुमी? समोरचा बोलताना थांबला तर म्हणायला एक वाक्य हवं होतं, म्हणजे त्याला वाटावं की इकडे कोणी तरी आहे. ते मी असं दिलं: "बोला, ऐकून राह्यली मी." बाईंना ते इतकं आवडलं की तीन-चार तऱ्हांनी बोलून घेतलं. शेवटी एका कागदावर सही घेतली. मी न वाचता केली. आपल्या माणसांच्या ऑफिसात कोण कागद वाचतं?

दसऱ्याला मशीन सुरू झालं. लोक खरंच फसले. एका मास्तरांनी मशीनला मुलीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं. आम्ही टेबलाभोवती जमून हसलो, आणि खोटं कशाला बोलू, मला गर्व वाटला. फक्त माझी ती वेगळी यादी काही येईना. मी दादांना विचारलं. "येते न ताई, मांगून येते. थोडा दम धरा." मी दम धरला. दादा म्हणाले म्हणजे येणार. मी कधी त्यांचं बोलणं तपासून पाहिलं नव्हतं, तेव्हाही पाहिलं नाही.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, दुपारी, मला वहिनींचा फोन आला. मी हसत म्हटलं, "बोला वहिनी." त्या म्हणाल्या, "बाई, मी तुमाले इतकं सांगलं, अन् तुमी म्हनता गाडी घेऊन येजा?" आणि फोन ठेवला.

मशीनने केलेले सगळे फोन कॉम्प्युटरवर साठायचे. मी वडनेरचा नंबर शोधला. आदल्या दिवशीचा फोन होता. कानाला डबडं लावलं आणि ऐकलं.

माझा आवाज आला. "नमस्कार भाऊ. गंज दिवस झाले, दिसले नाई. कुठं हाये तुमी?"

पलीकडे शांत. मग वहिनी हळूच म्हणाल्या, "बाई?"

"बोला, ऐकून राह्यली मी."

"बाई, तुमी त्याइले विचारून राह्यल्या?" पुन्हा शांत.

"हव, बोला न."

आणि वहिनी बोलल्या. त्यांना काय वाटलं असेल ते मला पूर्ण कधीच कळणार नाही. कदाचित असं वाटलं असेल की तीन वर्षांनी का होईना, बाईने एकदा विचारलं. म्हणाल्या, घरात आता त्याइचं नाव कोनी घेत नाई. सगळे म्हनतात, झालं आता. मग म्हणाल्या, "तुमी विचारलं म्हनून सांगून राह्यली. त्या दिवशी ते मोटरसायकलनंच निंगाले होते, बाई. मीच म्हनलं, ऊन हाये, गाडी घेऊन जा. चाबी म्यां आनून देली. हे म्यां कोनालेच नाई सांगलं." त्या रडायला लागल्या. रडताना माणूस मध्येमध्ये थांबतं. त्या जेव्हा जेव्हा थांबल्या तेव्हा तेव्हा माझा आवाज म्हणाला, बोला, ऐकून राह्यली मी. आणि शेवटी म्हणाला, "धन्यवाद भाऊ. तुमची नोंद केली हाये. गाडी घेऊन येजा, आम्ही वाट पाहून राह्यलो."

मी तशीच्या तशी उठून बाहेर गेले आणि वहिनींना फोन लावला. चौथ्या वेळी उचलला. मी सगळं सांगितलं. ती मी नव्हते, मशीन होतं, माझा आवाज भरून ठेवलेला आहे, ते कोणालाही तेच बोलतं. वहिनी म्हणाल्या, "मशीन म्हनते का, ऐकून राह्यली मी?" मी रडकुंडीला आले. माझ्या तोंडाला लगाम नाही, कधीच नव्हता. बोलून गेले, "वहिनी, खरंच सांगते. अन् त्या चाबीत तुमचा काही दोष नव्हता हो."

वहिनींनी अगदी शांतपणे विचारलं, "तुमी नव्हत्या तं तुमाले चाबीचं कसं मालूम?"

मी म्हटलं, नंतर ऐकलं, रेकॉर्डिंग असतं. फोन कट झाला आणि पुन्हा लागला नाही.

मी आत येऊन पुण्याच्या इंजिनियर बाईंना फोनवर विचारलं, रिमार्कचं काय झालं? त्या गोंधळल्या. "मॅडम, तुमच्याकडूनच नको म्हणून लिहून आलं होतं." त्यांनी तो मेल मला पाठवला. दादांच्या नावाचा. पहिला परिच्छेद माझा. दुसरा माझा. चौथा माझा. तिसरा नव्हता. त्याच्या जागी दोन वाक्यं होती, मोडक्या इंग्रजीतली, दादांनी स्वतः लिहिलेली. फक्त स्टँडर्ड रकाने द्या. रिमार्कचा रकाना आमच्याकडे कोणी वापरत नाही.

अकरा वर्षांत या माणसाने माझ्या मदतीशिवाय लिहिलेली तेवढीच दोन वाक्यं. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. दादा नुसतं विसरले असते तर मी दोन शिव्या घालून माफ केलं असतं. पण हे विसरणं नव्हतं. परिच्छेद नीट उचलून बाजूला ठेवला होता आणि वर मला तोंडावर सांगितलं होतं, जसाच्या तसा. केसाने गळा कापणं म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

दादा वर्कशॉपमध्ये वर चढवलेल्या गाडीखाली उभे होते. मी म्हटलं, "दादा, बाहेर या." माझा चेहरा पाहून त्यांना समजलं. हात पुसत म्हणाले, "ताई, समजून घ्या न. रिमार्कची परवानगी याले दोन-तीन महिने लागले असते. म्यां शेठजीले दसऱ्याचा शब्द देला होता."

"अन् मी दिलेला शब्द?" मी ओरडले. सगळे मिस्त्री पाहायला लागले. "कोणी वापरत नाही म्हणे! अकरा वर्षं मी काय करत होती मग? तुमच्यासमोर लिहिलं होतं वडनेरचं. तुमीच लिहाले लावलं होतं!"

दादा म्हणाले, "मले वाटलं, एखाद-दोन फोन जाईन. सांभाळून घेऊ."

एखाद-दोन. त्या एखाद-दोनमध्ये कोण आहे हे त्यांना माहीत होतं. क्रेनवरून ती गाडी त्यांनीच उतरवली होती.

दोन दिवसांनी वहिनींच्या दिराने शेठजींना फोन करून झापलं. आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावणं आलं. मला वाटलं होतं, निदान इथे तरी दादा खरं बोलतील. शेठजींनी विचारलं, असा फोन गेलाच कसा? दादा कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाले, "टिक तं ताईनंच नाई केली, शेठजी. डबी रिकामी हाये, पाहा." हे बोलताना माझ्याकडे पाहिलं नाही. शेठजींनी पाहिलं. डबी रिकामी होती. "मॅडम," शेठजी म्हणाले, "नियम तर टिक करायचाच आहे ना?" मी काय सांगणार होते? मेल दाखवला असता. पण डबी खरंच मी सोडली होती. बाण माझ्या हातात होता, आणि मी दादांचं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आले आणि सिस्टीम उघडून बसले. सगळ्यात आधी वडनेर काढलं आणि डबीत टिक केली. मग एकेक करत ज्यांच्या ज्यांच्या रिमार्कमध्ये फोन नको लिहिलं होतं त्या सगळ्यांच्या डब्यांमध्ये टिक केली. दुपारपर्यंत तेच केलं. डबा खाल्ला नाही. दादा दोनदा येऊन मागे उभे राहिले आणि परत गेले. मार्क असे धडाधड पडले की कंपनीच्या ऑफिसातून त्याच दुपारी फोन आला. तोवर मी राजीनामा लिहून ठेवला होता. या वेळी मराठीत लिहिला.

जाताना शेठजींना एकच मागितलं, माझा आवाज काढून टाका. त्यांनी सही केलेला कागद दाखवला. आवाज आता पुण्याच्या कंपनीचा होता, आमच्याच नाही तर दुसऱ्या गावांच्या शोरूमलाही तो दिला होता. शेठजी म्हणाले, "चांगला आवाज आहे तुमचा, लोकांना आपला वाटतो." त्यांना खरंच वाटलं की ते तारीफ करत आहेत.

दिवाळी झाल्यावर मी वडनेरला गेले. वहिनी अंगणात सांभाराच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मी एसटीत बसल्यापासून काय काय बोलायचं ते जुळवत आले होते. पण "वहिनी" एवढं एकच म्हटलं आणि त्या अशा दचकल्या, जणू अंगावर गरम पाणी पडलं. हातातली जुडी खाली पडली. मग मला पाहून म्हणाल्या, "आल्या तं बसा, बाई. पन बोलू नोका."

मी बसले. समोरचा सांभार ओढून घेतला आणि जुड्या बांधायला लागले. बोलायचं नाही हे माझ्यासारखीला केवढं जड, ते मला ओळखणाऱ्यांना विचारा. वहिनींनी चहा आणून दिला, मी घेतला. पाणी दिलं, घेतलं. राग असता तर बरं झालं असतं, मी पाया पडले असते. पण त्यांच्या मनात ठरूनच गेलं होतं की मी त्यांना बोलतं केलं, त्यांचं आतलं काढून घेतलं, आणि मग थट्टा केली. वरून मशीनचं नाव पुढे केलं.

तेवढ्यात घरात फोन वाजला. भाऊंचाच तो, अजून तसाच चालू ठेवलेला. वहिनी आत जाऊन तो घेऊन आल्या, पण उचलला नाही. आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी ओठ घट्ट मिटले. आणि त्या क्षणी देवाला अगदी मनापासून म्हटलं की हा फोन त्या मशीनचा असू दे. माझ्याच आवाजात विचारू दे त्यांना, कुठं हाये तुमी. मग वहिनींना दिसेल की मी तर इथे समोर बसले आहे, तोंड मिटून.

माझ्या ओठांवरची नजर न काढता त्यांनी फोन कानाला लावला. हिंगणघाटचा व्यापारी होता, उद्या वांगी किती येतील ते विचारत होता. त्या घरी मशीनचा फोन आता कधीच येणार नव्हता. त्या नावापुढच्या डबीत मी टिक करून आले होते.